माळ्यावर बसणार नाय

"बघ रे, तुझा भाऊबंद आला टीव्हीवर!"

शेठ असा ओरडला तेव्हा माझ्या हातात ब्रश होता. पेणमधला गणपतीचा कारखाना. दुपारची जेवणं झालेली, भिंतीवरच्या टीव्हीत सिरीयल लागलेली. तिच्यातला नवरा एका पुरुषाबरोबर पकडला गेला होता. बायको रडतेय, सासू छाती बडवतेय, मागं ढॅण ढॅण म्युझिक. कारखान्यातली दहाबारा माणसं आधी टीव्हीकडं बघत होती, मग माझ्याकडं बघाय लागली. आणि हसली. रंगकामाच्या मावशीपण हसल्या, ज्या मला रोज डब्यातली अर्धी भाकरी द्यायच्या.

मी पण हसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

मी आखणी करायचो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. सगळा रंग झाला की शेवटचं काम. अख्ख्या कारखान्यात ते दोघातिघांनाच देतात, कारण हात हलला की चेहरा गेला. सोळा वर्षं माझा हात हलला नाय.

सिरीयल यायच्या आधी मी नुसता बिनलग्नाचा होतो. लोक म्हणायचे, पत्रिका जुळत नसंल. सिरीयलनं त्यांना नाव पुरवलं. त्यातल्या त्या दुसऱ्या पुरुषाचं जे नाव, तीच दुसऱ्या दिवसापासून मला हाक.

तरी मी ती सिरीयल रोज बघायचो. वाटायचं, आज तरी दाखवतील. ह्या माणसाला आई हाय, तो कुठं कामाला जातो, त्याला ताप आला तर पेज कोण करून देतं. काय नाय! तो फक्त दार उघडलं की आत सापडायचा. त्याच सिरीयलमधला दीर एका बाईच्या नादाला लागला, तर मावशी म्हणाल्या, "मोहात पडला गो बिचारा, येईल परत." आला पण. बायकोनं ओवाळून घरात घेतला. पुरुषाकडं गेलेल्या नवऱ्यावर मात्र सगळे थुंकत होते. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. दुसरं काय!

माझंही एक माणूस होतं. रोह्याचं. कंपनीत शिफ्टला जायचा. नऊ वर्षं आम्ही रविवारी निडी स्टेशनावर भेटायचो. तो रोह्याहून यायचा, मी पेणहून. गाडी गेली की तिथं कुत्रंसुद्धा नसायचं. बाकड्यावर बसायचो, शेंगा खायचो, बोलायचो. पुढच्या गाडीनं परत. एवढाच आमचा संसार.

एका रविवारी तो म्हणाला, "घरचे ऐकत नायत. लग्न करतो. आपलं चालूच राहील. तिला कुठं कळतंय?"

मी शेंगा सोलत राहिलो. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या लग्नानंतरही दोनदा निडीला गेलो. लोक मला ज्या नावानं हाक मारत होते, तोच मी झालो होतो.

त्याच वर्षी सीझन लागला तसा शेठनं मला बाजूला घेतलं. "गिऱ्हाईकं घरातल्या बायामाणसांना घेऊन येतात. देवाच्या डोळ्याला तुझा हात लागतो हे त्यांना कळायला नको. तू माळ्यावर बसून आख. कोणी विचारलं तर पुतण्या आखतो म्हणून सांगू."

माझा हात त्याला चालत होता. मी चालत नव्हतो. गेलो मी माळ्यावर. वर पत्रा तापलेला, मी उघडा बसून देवाचे डोळे काढायचो, आणि खालून सिरीयलचं रडणं ऐकू यायचं. दिवसदिवस माझ्याशी कोणी एक शब्द बोलायचं नाय.

श्रावणात एका सकाळी खालून ओळखीचा आवाज आला. तोच. बायकोला घेऊन मूर्ती बघायला आला होता. तिचा पहिला ववसा. नव्या नवरीनं पहिल्या वर्षी गौरीपुढं सुपं पुजायची, म्हणून घरात मोठी तयारी. मी फळ्यांच्या फटीतून बघितलं. हातभर हिरव्या बांगड्या, चेहऱ्यावर नुसता आनंद.

"अहो, हे डोळे बघा ना," ती म्हणाली. "माझ्याकडंच बघतायत. कोणी काढले हो?"

"माझ्या पुतण्यानं," शेठ म्हणाला.

निडीला मी त्याला आखलेल्या मूर्तींचे फोटो दाखवायचो, माझा हात त्याला नऊ वर्षं ठाऊक. हजार मूर्तींतून ओळखला असता त्यानं. तो म्हणाला, "व्हय. चांगला हात हाय पुतण्याचा."

मी शिडी उतरून खाली आलो.

"हे डोळे मी काढलेत."

"वर जा," शेठ म्हणाला.

"नाय जाणार."

तिला काही कळलं नाय, ती हसून म्हणाली, "दादा, लय गोड हात हाय तुमचा."

दादा! सिरीयलवाले असल्या बाईला रडवतात, म्हणजे लोक उद्या परत बघतील. तिला फसवलं कोणी, हे कोणी विचारत नाय. हिला आम्ही दोघांनी फसवलं होतं. त्यानं, त्याच्या घरच्यांना घाबरून. मी, एकटा पडायला घाबरून.

फाटकाशी त्याला गाठला. ती रिक्षात बसली होती. "मी निडीला येणार नाय," म्हणालो. "तिला तू सांग. नाय सांगितलंस तरी मी येणार नाय."

"मग मी काय करू?" तो म्हणाला.

मी निघून आलो.

शेठकडंही परत गेलो नाय. पेणच्या पुढं गडब गावात हायवेच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. रस्त्याकडं तोंड करून बसतो, सगळ्यांसमोर आखतो. एकटं वाटतं. लय वाटतं. रविवार तर अंगावर येतो. पण आता माझ्यामुळं कोणाच्या घरात खोटं बोललं जात नाय.

परवा एक गिऱ्हाईक आलं, मुंबईचं. बायको बरोबर, गळ्यात तुळशीची माळबिळ. मूर्ती आवडली. सहज विचारलं, "वहिनी दिसत नाहीत?"

"वहिनी नाय," मी म्हणालो. "मला पुरुष आवडतात. मूर्तीचे डोळे मीच काढलेत. पाहिजे तर घ्या, नायतर पुढं दुकानं हायत."