न फोडलेला दगड

सायकल भिंगारहून आली, एसटीच्या टपावर आडवी बांधून. तिथल्या लष्करी छावणीतल्या एका कुटुंबाची बदली झाली म्हणून त्यांनी ती विकायला काढली होती, आणि बाजाराला गेलेले आमचे यजमान बाजार विसरून सायकलच घेऊन आले. हिरवी, लेडीज, पुढे टोपली. सीटच्या स्प्रिंगा इतक्या कुरकुरायच्या की मी येतेय हे शेजारच्या वस्तीला आधीच कळायचं. पण माझी होती! आमच्या गावात बाईमाणसाची ती पहिली सायकल. मी ती तीनदा पुसली. चौथ्यांदा फडकं घेतलं तेव्हा यजमान म्हणाले, "आता रंग जाईल तिचा."

तो बहात्तरचा दुष्काळ. घरातले सगळे सरकारी खडीच्या कामावर, आणि मी चार मैलांवरच्या शाळेत टेंपररी मास्तरीण. रोज तंगडतोड करून जीव मेटाकुटीला आला होता.

आमच्या रिकाम्या खळ्यावर मी आठ दिवसांत सायकल शिकले. यजमान कॅरिअर धरून मागे पळायचे आणि मी पुढे आरडाओरडा करायची. चालवायला लागले ती एकदम सुसाट. अडचण एकच, मला चढता येत नव्हतं. एक पाय पेडलवर ठेवून बायका झोकात बसतात, ते मला शेवटपर्यंत जमलं नाही. मला पायाखाली काहीतरी उंच लागायचं. घराच्या ओट्यावर उभं राहायचं, तिथून सीटवर टेकायचं आणि द्यायचं ढकलून. एकदा बसले की मी कुणाच्या बापाला ऐकत नसे. माळावरचा उतार आला की दोन्ही पाय वर घेऊन खुशाल ओरडायची.

पण खडीचं काम नेमकं माझ्याच रस्त्यावर निघालं. दोन फर्लांगभर, दोन्ही बाजूंना गावातली माणसं हातोडे घेऊन बसलेली, आणि पहिल्याच ढिगावर मामंजी, म्हणजे माझे सासरे. सासऱ्यांच्या समोरून सून सायकलवर बसून कशी जाणार? उतर असं मला कुणी म्हणालं नव्हतं. माझे पायच आपोआप खाली यायचे. डोक्यावर पदर, हातात सायकल आणि खाली मान, अशी मी त्या सगळ्यांमधून चालायची. ढिगावरच्या बायका सोडतात होय? "कोन कुनाला नेतंय वो मास्तरीनबाई?"

कामाचा पट्टा संपला की पुढे सपाट माळ. टेकायला एक धोंडा नाही, होते नव्हते ते सगळे फोडून खडी झालेले. पुढचा मैलाचा दगड येईपर्यंत अर्धा मैल मी सायकल ढकलत, तिच्यावर आणि स्वतःवर चरफडत जायची. घरून लवकर निघावं, तर टँकरचं पाणी भरल्याशिवाय पाय बाहेर पडत नसे. शाळेची घंटा एकदा चुकली, दोनदा चुकली. तिसऱ्यांदा हेडमास्तर म्हणाले, "बाई, आता पुन्हा उशीर झाला तर मला तालुक्याला लिहावं लागेल." टेंपररीबद्दल तालुक्याला लिहिणं म्हणजे तिनं घरी बसणं.

त्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता मी हे सगळं यजमानांवर ओतलं. वर म्हटलं, "विकून टाका ती सायकल!" ते म्हणाले, "बरं." एवढंच. तो 'बरं' मला असा झोंबला की मी दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

सकाळी नेहमीसारखी उतरले, चालले. शेवटचा ढीग यजमानांचा. त्याच्या पलीकडे, रस्त्याच्या डाव्या अंगाला, गुडघ्याएवढा एक चपटा दगड. डुगडुगू नये म्हणून खाली कपच्या ठोकून घट्ट बसवलेला. मुकादम तिथंच उभा होता. "ह्यो कुनाचा राह्यलाय? फोडा की."

"ऱ्हाऊ द्या," यजमान हातोडा न थांबवता म्हणाले. "त्यो फुटत न्हाई."

मी दगडावर पाय दिला, बसले आणि सुटले. काय सुटले! पदर डोक्यावरून खाली आला, उतारावर मी इतकी ओरडले की रानातली मेंढरं बिचकली. शाळेत पोचले तर हेडमास्तर अजून कुलूप काढत होते. त्या दिवशीची घंटा मीच बडवली.

शाळा सुटली तेव्हा काम चालूच होतं. पुन्हा उतरले, चालत गावाच्या बाजूच्या टोकाला आले, तर मामंजींच्या ढिगाच्या पलीकडे, गावाच्या अंगाला, दुसरा दगड. त्याच्याही खाली कपच्या. मी त्याच्याकडे बघतच राहिले. सकाळचा कळला होता, पण हा कशाला? संध्याकाळी मला कुणाची घंटा गाठायची नव्हती. इथून घर हाकेच्या अंतरावर.

घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, सकाळचं ठीक आहे. पण येताना कसला उशीर होणार होता मला?"

ते बादलीतल्या चुळकाभर पाण्यानं हात धूत होते. "उशीर न्हाई गं," ते म्हणाले. "पन हातात सायकल धरून येतीस तवा तुजं त्वांड एवढं एवढं आसतंय. वर बसलीस का लई हासतीस. त्ये घरापत्तूर ऱ्हावं म्हनलं."

आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. नवरा मला खरा आवडायला लागला तो त्या संध्याकाळी.