पाय खालीच गेला

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. सुरुवात केली की दुसऱ्याच कशावर तरी बोलायला लागतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. नाहीच जमलं तर — नाही, आज सांगतोच.

देवरीला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून मी गावी परत आलो, त्यामुळे नव्या गाड्यांचं काम मलाच येतं, असा या भागात माझा बोलबाला. तो मला आवडायचा. फार आवडायचा.

माझी धाकटी बहीण ललिता चिचगडला दिली आहे. तिचा नवरा मनोहर स्वतःची गाडी भाड्याने चालवायचा. कुणाचं बाळंतपण, कुणाचा दवाखाना, की मनोहरला फोन. शांत माणूस. दारूला शिवत नव्हता. त्याची आई, भागीरथामाय, गाडीत पुढच्या सीटवर बसायची हौस असलेली. देवरीला आली की माझ्याकडे उतरायची, डब्यात लाखोरीच्या डाळीचे वडे असायचे, आणि मी हात धुऊन येईपर्यंत कुणाला डबा उघडू द्यायची नाही.

मनोहरच्या गाडीला एबीएस होता. म्हणजे ब्रेक जोरात दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, म्हणून तो स्वतःच झरझर ब्रेक सोडतो आणि धरतो. पायाखाली पेडल थरथरतं, ते त्यामुळे. हे सगळं करणारा एक ठोकळा इंजिनजवळ असतो. मनोहरच्या गाडीचा तो ठोकळा गळू लागला आणि ब्रेक ऑइल संपून सगळी लाइन कोरडी पडली. मी दुसरा ठोकळा बसवला. नवीन ऑइल भरलं. आता राहिली होती लाइनमध्ये शिरलेली एअर, म्हणजे हवा काढायची; ती राहिली तर पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही.

साध्या गाडीत हे सोपं असतं. एकानं पेडल मारायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं नेपल, हवा सोडायचा तो बारीक स्क्रू, सैल करायचं, बुडबुडे थांबले की आवळायचं. पण एबीएसच्या ठोकळ्यात बारीक बारीक वाटा असतात. त्या एरवी बंद असतात. त्यांच्यातली हवा काढायची तर स्कॅनरचं मशीन लावून ठोकळ्याचा पंप चालवावा लागतो, तेव्हाच त्या उघडतात. माझ्याकडे स्कॅनर नव्हता. आणि हे मला माहीत होतं. हेच सांगायचं आहे तुम्हाला — मला माहीत होतं. नागपूरला मी स्वतःच्या हातानं ते काम केलेलं होतं.

मी चारही चाकांची एअर जुन्या पद्धतीनं काढली. पेडल कडक आलं. मनोहरनं गाडी चौकापर्यंत फिरवून आणली, उतरला आणि सहज म्हणाला, "दादा, गोंदियाले एकदा मशीन लावून पाहू का? तसाही उद्या मायले डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं आहे."

त्याच्या बोलण्यात संशय नव्हता. टोमणा नव्हता. तरी मला का झोंबलं? गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाईकं बसली होती, म्हणून? बहिणीच्या नवऱ्यानं विचारलं, म्हणून?

"कायले?" मी म्हणालो. "मी कायले बसलो मंग इथं? बिनधास्त जा जवाईबापू."

तो हसला. गेला.

दुसऱ्या दिवशी तो मायला घेऊन गोंदियाहून परत येत होता. देवरी ओलांडून चिचगडच्या रस्त्याला लागला. भर दुपार. जंगलातून एकदम एक गोऱ्हा रस्त्यावर आला. मनोहरनं जोरात ब्रेक दाबला, पेडल थरथरलं, गाडी थांबली, गोऱ्हा वाचला. माय म्हणे हसली. तिथून थोडं पुढे नाल्याचा पूल आहे, आणि पुलाच्या अलीकडे वळण. वळणावर त्यानं पुन्हा पाय ठेवला, आणि पेडल सरळ खाली गेलं. गाडी कठडा तोडून कोरड्या नाल्यात उतरली. डाव्या बाजूवर आपटली. माय डाव्या बाजूला होती.

दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

मनोहरच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या तो येईल त्याला एकच सांगत होता, "पहिल्या वेळी लागला. दुसऱ्या वेळी पाय खालीच गेला." लोक एकमेकांकडे बघायचे. आत्ता लागलेला ब्रेक घडीभरात कसा जाईल? रोजचं ड्रायव्हिंग, दुपारची वेळ, पेंग आली असेल. सगळे असंच म्हणाले.

त्या खोलीत ते वाक्य समजणारा एकच माणूस होता. पहिल्या ब्रेकला एबीएस चालला, त्या बारीक वाटा उघडल्या, आत अडकलेली हवा लाइनमध्ये आली. दुसऱ्या ब्रेकला पायाखाली ऑइलऐवजी हवा होती. मनोहर अक्षर न् अक्षर खरं बोलत होता. मी त्याच्या उशाशी उभा होतो आणि त्याचं पांघरूण नीट करत होतो.

तुम्हाला वाटेल, घाबरलो असेन, म्हणून गप्प बसलो. इतकंच असतं तर —

अपघाताच्या गाड्या ओढून माझ्याच आवारात आणतात. ही पण आणली. तपासणीचे साहेब येणार होते. मायला माती देऊन आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे ललिताच्या घरी असताना, मी गाडीखाली शिरलो. नेपलला नळी लावली, नळीचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलं, आणि पेडल मारलं. बुडबुडे आले. भडभड आले. मी ते येऊ दिले. संपेपर्यंत येऊ दिले. मग आवळलं, ऑइल भरलं, फडक्यानं सगळं पुसून घेतलं. आदल्या दिवशी ज्या हातानं तिच्यावर माती लोटली होती, तोच हात.

साहेबांनी पेडल दाबून पाहिलं. कडक होतं. त्यांनी मला विचारलं, काम तुम्हीच केलं होतं ना? मी म्हणालो, हो साहेब, ब्रेक चांगला होता.

मनोहरवर निष्काळजीपणाची केस झाली. गाडी भंगारात गेली. पण ते सोडा. ललिता माझ्या दारात आली होती. सासूनं तिला लेकीसारखं वागवलं होतं. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "दादा, मले खरं सांग. ब्रेकात काही होतं का? ते सारखं तेच म्हणून राहिले."

किती सोपं होतं तेव्हा! एक शब्द.

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिनं विश्वास ठेवला — माझ्यावर. त्यानंतर कित्येक महिने ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची. लोकांनी मनोहरला झोपाळू म्हणून नाव ठेवलं. त्यानं गाडी सोडली ती सोडलीच. आता एका राइस मिलमध्ये पोती शिवायला जातो, सायकलनं.

मी स्कॅनर घेतला. एबीएसची गाडी आली की आधी तो लावतो. नवीन पोरं म्हणतात, मिस्त्री फार काळजीचा माणूस.

मधे एकदा मनोहर गॅरेजला आला. बराच वेळ बसला. मला वाटलं, त्याला कळलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं, हातातला पाना खाली ठेवून मी वाट पाहिली, की आता हा उठेल आणि माझी गचांडी धरेल. तो खाली बघत म्हणाला, "दादा, मलेच डोळा लागला असन. लय दिवस मी तुमच्या कामाले नाव ठेवलं. तुमी खोटं कायले सांगान? माफ करजा मले."

त्यानं हात जोडले. मी ते धरले. म्हणालो, "जाऊ द्या आता."

तेव्हापासून तो झोपत नाही. ललिता सांगते. रात्री अंथरुणावर बसून राहतो, डोळा मिटू लागला की दचकून उभा राहतो, अंगणात फेऱ्या मारतो. बसमध्येसुद्धा बसत नाही, उभ्यानं जातो. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या घेत नाही. ललिता मला म्हणते, तू समजाव, तुझंच ऐकतात ते. आणि मी जातो. त्याच्या शेजारी बसतो. समजावतो.

मनोहरला डोळा लागला नव्हता. तो जागा होता. त्यानं ब्रेक वेळेवर दाबला होता, दोन्ही वेळा. भागीरथामायला मी मारलं, आणि ते त्याच्या नावावर टाकलं.