पाण्याकाठची जागा

दादानं सुट्टीचा बेत पहिल्यांदा सांगितला तेव्हा आई भेंडी चिरत होती. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून गाडीनं दोन दिवस उत्तरेला जायचं, वॉशिंग्टन राज्याच्या टोकाशी पोहोचायचं, तिथं फेरीबोट घ्यायची आणि समुद्र ओलांडून कॅनडातल्या बेटावर उतरायचं. तिथं तंबू ठोकून चार रात्री राहायचं. आईनं विळी बाजूला सारली.

"आणि गाडी? ती कुठं ठेवायची?"

"गाडी बोटीतच जाते, आई. आपण बसलेलो असतानाच ड्राइव्ह करत आत न्यायची."

"गाडीसकट?"

"गाडीसकट."

आई नागपूरची. ती आजवर बसलेली बोट म्हणजे अंबाझरीच्या तलावातली, पायानं चालवायची. त्या रात्री तिनं अकोल्याच्या मावशीला फोन लावला आणि मी जिन्यातून जाताना ऐकलं, "अगं, गाडीसकट बोटीत बसायचं म्हणे. हो, मी पण. व्हिसा तर त्यानं मी निघायच्या आधीच काढून ठेवला." पुढचा आठवडाभर ती हे सगळ्यांना सांगत होती. चुलत्यांना, शेजारच्या काकूंना, पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनासुद्धा.

मी दादा-वहिनीच्याच घरात, वरच्या खोलीत राहते. आई आल्यापासून ती खोली आम्हा दोघींची झाली होती. कमी बोलणाऱ्या माणसांना पुष्कळ दिसतं. आई रात्री उठते हे मला दिसत होतं. सकाळी ती स्वतःचे काही कपडे मशीनमध्ये न टाकता बाथरूममध्ये हातानं धुते आणि टॉवेलच्या आड वाळत घालते, हेही. बाहेर निघताना सगळे बूट घालून उभे असले तरी ती "आलेच" म्हणून परत आत जाते, हेही. पण दिसणं आणि कळणं यांच्यामध्ये मी बरंच अंतर ठेवलं होतं.

प्लॅनिंगचं काम माझ्याकडे आलं, कारण मला फोनवर बोलायला आवडत नाही आणि हल्ली बुकिंगला बोलावं लागत नाही. तंबूंच्या जागांचे नकाशे मी लॅपटॉपवर उघडून बसायचे. आई शेजारी येऊन बसायची.

"तंबूत आतच असते का ती सोय?"

"कसली?"

"बाथरूम वगैरे."

"नाही आई. कॉमन असतं. थोडं चालत जावं लागतं."

"थोडं म्हणजे आपल्या मेलबॉक्सपर्यंत?"

"थोडं जास्त."

"आणि रस्त्यात दिवे असतात?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बोटीवर असते का? किती असतात? रांग असते का? गाडीत बसून राहायचं की वर जाता येतं? एकदा ती खोलीबाहेर गेल्यावर मी वहिनीला इंग्रजीत म्हटलं की हिला फाइव्ह स्टार तंबू हवाय. वहिनी खूप हसली. मी सहसा कुणाला हसवत नाही, त्यामुळे मला बरं वाटलं. आई दारातच होती. आईला इंग्रजी समजतं. आम्ही ते आपल्या सोयीनं विसरतो.

त्यानंतर तिनं विचारणं बंद केलं.

समोरच्या घरातल्या काकांनी मात्र बेत उचलून धरला. काका-काकू पस्तीसेक वर्षांपूर्वी इकडे आलेले. काका आता रिटायर्ड आहेत आणि त्यांच्या गॅरेजमध्ये तीन तंबू आहेत. तेही यायचं म्हणाले आणि आल्या आल्या सूत्रं त्यांच्याकडे गेली.

"साइट घ्यायची ती वॉटरफ्रंट," काका म्हणाले. "तंबूची चेन उघडली की समोर समुद्र. बाकीच्या साइट म्हणजे पार्किंग लॉटमध्ये झोपल्यासारखं."

"तिथून टॉयलेट लांब आहे," काकू म्हणाल्या. "चढ चढून जावं लागतं. मागच्या वेळी माझे गुडघे बोलायला लागले होते."

"कॅम्पिंग म्हणजे गैरसोय एन्जॉय करायची असते गं. सोय हवी तर घरी संडास आहेच."

सगळे हसले. आईही हसली.

मग त्या शनिवारी आम्ही तंबू बघायला सॅन होजेच्या बाजूला एका मोठ्या दुकानात निघालो. दादा गाडी चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी. मागे एका खिडकीशी दादाची मुलगी, माझी भाची, मध्ये मी, दुसऱ्या खिडकीशी आई. पुढे कुठं तरी अपघात झाला होता आणि फ्रीवेवर गाड्या जागच्या जागी थांबल्या. आधी दादानं गाणी लावली, मग बंद केली.

"पुढे कुठं थांबता येईल का रे?" आईनं विचारलं.

"आई, फ्रीवे आहे हा. मध्येच कसं थांबणार? काय हवंय?"

"काही नाही. सहज."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, "अजून बराच वेळ का रे?" दादा म्हणाला, "आता माझ्या हातात आहे का ते?" तो चिडला नव्हता. ट्रॅफिकमध्ये त्याचा आवाज तसाच होतो.

आईनं मांडीवर शाल ओढून घेतली. उकडत होतं. तिचा हात माझ्या हाताला लागत होता आणि तो ताठ झालेला मला जाणवला, मग एकदम सैल पडलेला. ती खिडकीबाहेर बघत होती. नंतर तिनं पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली. बाटली भरलेली होती. तिनं झाकण उघडलं, एक घोट घेतला आणि बाटली हळूच, जणू ती हातातून निसटतेय अशी, स्वतःच्या मांडीवर आडवी केली. अर्धी रिकामी होईपर्यंत तशीच धरली.

"अगं बाई," ती म्हणाली. "सांडलं."

"आजी, यू स्पिल्ड एव्हरीथिंग!" भाची ओरडली.

"असू दे, आई, पाणीच आहे," वहिनीनं पुढून टिश्यूचा डबा दिला. "सीटचं काही नाही. वाळेल."

मी टिश्यू काढून आईच्या हातात दिले. तिच्याकडे बघितलं नाही. समोर हिरव्या पाटीवर पुढच्या एक्झिटचं नाव होतं, ते मी वाचत राहिले. माझ्या हातात जॅकेट होतं. ते तिला देता आलं असतं, पण ते दिलं असतं तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. दुकानाशी पोहोचल्यावर ती म्हणाली, "मी गाडीतच बसते. ओल्या कपड्यात कुठं येऊ?" आणि आम्ही आत गेलो. दादा मांडून ठेवलेल्या तंबूत आडवा होऊन बघत होता, भाची त्याच्या पोटावर चढली होती, वहिनी फोटो काढत होती. त्या फोटोत मीही आहे. हसते आहे.

त्या संध्याकाळी खोलीत आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बोलायचं ठरवलं होतं. पण कुठल्या शब्दांत बोलायचं? शरीराचं जे काही मी शिकले ते आठवीच्या बायॉलॉजीत, इंग्रजीत, आकृतीला बाण काढून. घरात त्या गोष्टींना लहान मुलांशी बोलायचे शब्द होते, ते साठी उलटलेल्या आईला कसे म्हणायचे? आणि इंग्रजी शब्द वापरला असता तर मी तिला डॉक्टरच्या टेबलावर झोपवल्यासारखं झालं असतं.

"आई, तुला काही त्रास होतो का?"

"कसला त्रास?"

"म्हणजे असाच. काही."

"गुडघे दुखतात. बाकी काय व्हायचं?" तिनं माझा टी-शर्ट झटकला. "तू काय करून राहिली तिथं? धर हे, ठेव कपाटात."

मी टी-शर्ट कपाटात ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला आजही बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "मी काय म्हणते, तुम्ही जाऊन या. मला तिकडची थंडी सोसायची नाही."

दादानं घास हातात धरला. "उन्हाळ्यात जायचंय आई. आणि तुझ्यासाठी तर ठरवलं सगळं. बोट बघायची होती ना तुला?"

"बघितलीस तू म्हणजे मी बघितली. मी राहीन इथं. घराला कुणी तरी नको का?"

"घराला काय झालंय?" दादाचा चेहरा पडला. आता तो जोरात बोलेल किंवा गप्प बसेल असं वाटलं. त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मी वरणाकडे.

बुकिंग सकाळी सात वाजता उघडणार होतं. अशा जागा उघडतात आणि बघता बघता संपतात, म्हणून सगळे आमच्या दिवाणखान्यात जमले. काका चहाचा स्वतःचा मग घेऊन आले होते. दादानं लॅपटॉप टीव्हीला जोडला, म्हणजे सगळ्यांना नकाशा दिसावा. माझी बोटं भराभर चालतात म्हणून लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, या सगळ्याशी आपला संबंध नाही अशी, पण टीव्ही दिसेल अशी.

सात वाजले. नकाशावर हिरवे ठिपके उमटले. पाण्याच्या कडेला दोन ठिपके होते, शेजारी शेजारी.

"घे, घे, दोन्ही घे," काका उठून उभे राहिले.

ठिपक्यावर नेलेला बाण मी थांबवला. वर, चढ संपतो तिथं, रस्त्याच्या वळणावर, टॉयलेटच्या चित्राला चिकटून दोन जागा हिरव्या होत्या. त्या कुणालाच नको होत्या. मी त्या दोन घेतल्या.

"अगं! हे काय केलंस?" दादा ओरडला. "खालची क्लिक कर! अजून आहे, अजून आहे, अरे यार, गेली!"

पाण्याकाठचे ठिपके राखाडी झाले.

"चुकून झालं का?" वहिनीनं विचारलं. हो म्हणाले असते. पण स्क्रीनवर बाण खालून वर, सावकाश, मुद्दाम गेलेला सगळ्यांनी बघितला होता.

"टॉयलेटच्या दाराशी तंबू," काका म्हणाले. "येणारा-जाणारा गुड मॉर्निंग म्हणणार आपल्याला. त्यापेक्षा मोटेल घ्या की."

सगळे माझ्याकडे बघत होते. ही गोष्ट मी आयुष्यभर टाळत आले आहे, एका खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे बघणं. मान गरम झाली.

"मला रात्री सारखं जावं लागतं," मी म्हणाले. "आणि कधी कधी... पोहोचेपर्यंत थांबवत नाही."

काकांनी मगमध्ये बघितलं. दादा टीव्हीचा रिमोट शोधायला लागला, तो त्याच्या हातातच होता. भाचीला मात्र खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "लाइक, हाउ मेनी टाइम्स?"

"अगं, मग सांगायचं ना," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टरला दाखवलंस का?"

मी दाराकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांनीच तिकडे बघितलं असतं.

मग आईचा आवाज आला. चांगला खणखणीत.

"लहानपणापासून हेच आहे हिचं. पाचवीपर्यंत गादी उन्हात टाकत होते मी. शेजारपाजारच्यांना माहीत होतं सगळं." ती पुढे आली आणि काकांच्या हातातला रिकामा मग घेतला. "आणि अंधाराला भित्री. एकटी जाणार आहे का ही रात्री तिथं, अनोळखी जागी? मलाच जावं लागेल हिच्यासोबत. दुसरं कोण उठणार?"

"म्हणजे तू येतेस?" दादानं विचारलं.

"काय करू मग? हिला एकटं सोडू?"

"थंडी?"

"स्वेटर घालीन."

मी पाचवीत असताना आमच्या घरी कुठलीही गादी उन्हात गेली नव्हती. आई इतकं सहज, इतकं तपशिलासकट बोलली की क्षणभर मलाही ती गादी गच्चीवर दिसली. मला हसू यायला हवं होतं. पण माझे कान जळत होते. खोटी असूनही ती गोष्ट मला इतकी लागत होती. फ्रीवेवर, आम्हा सगळ्यांच्या मधोमध, आईला काय झालं असेल, ते मला तिथं सोफ्यावर बसल्यावर कळलं. त्याआधी नाही.

त्यानंतर वहिनी मला व्यायामाचे व्हिडिओ पाठवायला लागली. काकांनी डोक्याला बांधायचा दिवा आणून दिला आणि माझ्या नजरेला नजर न देता तो कसा लावायचा ते दाखवलं. मी प्रत्येक वेळी थँक्यू म्हटलं. फार्मसीतून मी पॅडचं पाकीट आणलं आणि पिशवी आईच्या बॅगेशेजारी, माझ्या बॅगेत, वरच ठेवली. दोन दिवसांनी बघितलं तर पिशवी तिच्या बॅगेत होती, स्वेटरच्या घडीखाली. आम्ही त्यावर बोललो नाही. पण तिनं डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला मला सांगितलं. "तुझी घे," ती म्हणाली. "मी येईन सोबत. काय विचारायचं ते मी विचारीन."

निघायच्या आदल्या रात्री ती मावशीशी फोनवर बोलत होती. मी जिन्यात, हातात झोपायच्या पिशव्या घेऊन थांबले.

"अगं, जायचंच नव्हतं मला. पण हिला रात्री सोबत लागते ना. हो, अजून. एवढी मोठी घोडी झाली तरी." मावशी काहीतरी म्हणाली असावी, कारण आई हसली. मग तिचा आवाज खाली आला. "पोरगी गुणाची आहे गं. नको बोलू तिला काही."

माझ्या तोंडावर पुन्हा ती ऊब चढली. मी पिशव्या घट्ट धरल्या आणि आईचं बोलणं पुन्हा बोटीवर, गाडीसकट बोटीवर येईपर्यंत तिथंच उभी राहिले.