वहिनीच्या चिमट्यांचं संशोधन

आमच्या वहिनीला वाक्य पूर्ण करता येत नाही, असं घरात सगळ्यांचं मत होतं आणि ते आम्ही तिच्या तोंडावरच बोलून दाखवायचो. लपवाछपवी आमच्या रक्तात नाही. ती बोलायला लागली की मध्येच थांबते. शब्द शोधते म्हणा, विचार करते म्हणा, तिचं तिला माहीत. "आज मी जरा…" एवढं म्हणून भिंतीकडे बघत बसते. आता समोरच्याने काय करायचं? त्यानेही भिंतीकडे बघायचं? आम्हाला कामं असतात. म्हणून तिचं वाक्य आम्ही पूर्ण करून द्यायचो, आणि त्याबद्दल आभाराची अपेक्षासुद्धा ठेवायचो नाही.

त्यात घरातली माणसं अशी. आई निवृत्त मुख्याध्यापिका. तिची सगळी नोकरी पोरांच्या तोंडात उत्तरं कोंबण्यात गेली. दादा, म्हणजे माझा भाऊ आणि वहिनीचा नवरा, लोकांना गाडी शिकवतो. त्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि दादा घरात वागतो तेही तो ब्रेक सोबत असल्यासारखंच. राहिले मी. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परत आले. का पटलं नाही ते विचारू नका, मी सांगत बसेन.

वहिनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत फोनवर बसते. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने आतलं बटण दाबलं की फोन तिला लागतो. एकदा मी घराची किल्ली द्यायला तिच्या ऑफिसात गेले होते. पलीकडे कुणी बाई कोंडून पडली होती, रडत होती, आणि वहिनी तिला सांगत होती, "आता तुम्ही खाली बसा. आणि…" पुढे भलं मोठं मौन. मला वाटलं, ही बाई आता दरवाजा फोडून बाहेर येते आणि वहिनीला धरते. पण बाई शांत झाली. अडकलेला माणूस वहिनीचं वाक्य संपेपर्यंत थांबतो, कारण त्याला दुसरीकडे जाताच येत नाही. तिच्या ऑफिसात तिला फार मान आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि खरं सांगायचं तर थोडं खटकलंच.

अशा या वहिनीने, केस पांढरे व्हायला लागल्यावर, विद्यापीठात नाव घातलं. समाजशास्त्र, रविवारचे वर्ग. आईने विचारलं, आता या वयात कशाला? वहिनी म्हणाली, "मला पहिल्यापासून…" आणि दादा म्हणाला, काहीतरी विरंगुळा हवा होता तिला. विषय संपला.

लेखी पेपर तिने पटापट काढले. कागद मध्ये बोलत नाही ना. अडलं ते शेवटच्या प्रकल्पावर. तो स्वतः उभं राहून, तोंडाने, परीक्षकांसमोर मांडावा लागतो. त्यासाठी विद्यापीठात वर्षातून एकदा प्रदर्शन भरतं, विद्यार्थ्यांचं संशोधन, चित्रं, शिल्पं, नाच, सगळ्याचा एकत्र बाजार. गेल्या वर्षी वहिनी उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि थांबली. परीक्षकांना वाटलं, झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेले. नापास. यंदा तिला शेवटची संधी होती. हुकली तर नाव कटणार आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. वरून नियम असा की विद्यार्थ्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तोंड उघडलं तर मांडणी रद्द.

याच सुमारास आमच्या घरातले कपड्यांचे चिमटे गायब व्हायला लागले. दादाचा शर्ट दोरीवरून उडाला तो थेट खालच्या दंतवैद्याच्या पाटीवर जाऊन बसला. शोधलं तर चिमटे स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या बरण्यांमध्ये. लाल एकीत, निळे दुसरीत, पिवळे तिसरीत. जेवता जेवता वहिनी उठायची, एखाद्या बरणीत चिमटा टाकायची आणि परत येऊन जेवायला बसायची. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, हिला डॉक्टरला दाखवायला हवं. दादाने वहिनीच्या वयाला दोष दिला. दादा पेट्रोल महागलं तरी वहिनीच्या वयालाच दोष देतो.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात वहिनी टेबलाशी म्हणाली, "रविवारी तुम्ही सगळे कृपा करून…"

"येणार म्हणजे काय, येणारच!" आई म्हणाली.

दादा म्हणाला, गाडी आहे, अडचण काय? मी म्हटलं, मी नवा ड्रेस घालीन. वहिनी उठली, खिडकीशी गेली आणि लाल बरणीत एक चिमटा टाकला. तिला काय म्हणायचं होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही.

तर रविवारी आम्ही तिघं नटूनथटून विद्यापीठात. प्रदर्शन खेळाच्या हॉलमध्ये. जमिनीवर बास्केटबॉलच्या रेघा, वर बास्केट तशीच लटकलेली, आणि खाली टेबलांच्या रांगा. एका मुलाने वर्गमित्रांच्या बुटांत बुरशी वाढवली होती आणि तो ती अभिमानाने सगळ्यांच्या नाकाखाली धरत होता. एका मुलीने जुन्या वायरींचा मोठा गुंता करून त्याला 'आई' असं नाव दिलं होतं. आमच्या आईने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि नापास केल्यासारखं तोंड केलं. मध्यभागी चार जण रक्ताभिसरणावर नाचत होते. त्यातल्या हृदयाला धाप लागली होती.

वहिनीचं टेबल शेवटच्या रांगेत. टेबलावर आमच्या बरण्या. मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'घरातलं बोलणं कोण तोडतं? एका कुटुंबाचा अभ्यास.' खाली समजावून सांगितलं होतं की अभ्यासातल्या एका व्यक्तीचं वाक्य दुसऱ्याने पूर्ण केलं की त्या दुसऱ्याच्या रंगाचा एक चिमटा बरणीत पडतो. नावं दिलेली नव्हती. लाल म्हणजे ज्येष्ठ स्त्री, निळा म्हणजे पती, पिवळा म्हणजे पतीची बहीण.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आम्ही जेवत होतो आणि ही आम्हाला मोजत होती! आई म्हणाली, यात तोडण्याचा काय संबंध, मी मदत करते. दादा मात्र बरण्यांकडे टक लावून बघत होता. निळी बरणी इतकी भरली होती की झाकण लागत नव्हतं. त्याने आधी निळे चिमटे दुकानात जास्त मिळतात असा मुद्दा काढला. मग आईची बरणी हलवून बघितली आणि तिच्यात अजून जागा आहे म्हणून कुरकुरला. आई म्हणाली, मी दुपारी झोपते, म्हणून. मी म्हटलं, माझे पिवळे एवढे असूच शकत नाहीत, कुणीतरी वरून टाकलेत. आम्ही तिघंही एकाच वेळी बोलत होतो आणि आसपास गर्दी जमायला लागली होती. बुरशीवाला मुलगासुद्धा बूट घेऊन बघायला आला. वहिनी आमच्या मध्ये उभी होती, पांढरीफटक. तिचे ओठ दोनदा हलले, पण तिला आवाज कुठे होता? आवाज सगळा आमच्याकडे.

तेवढ्यात परीक्षक आले. एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि एक टायवाला तरुण. टायवाल्याने आम्हाला मागे सरायला सांगितलं आणि तो नियम पुन्हा ऐकवला. वहिनीने सुरुवात केली. "या अभ्यासात मी असं बघितलं, की माणूस बोलताना थांबतो, तेव्हा तो…"

आणि थांबली.

"गोंधळलेला असतो," आई म्हणाली. सवयीने, हो. जीभ चावेपर्यंत शब्द बाहेर पडला होता.

टायवाल्याने बोट वर केलं. पुन्हा कोणी बोललं तर मांडणी रद्द, म्हणाला. आईने माझा हात असा धरला की बांगडी माझ्या मनगटात रुतली. दादाने दोन्ही ओठ आत ओढून घेतले. मी आयुष्यात पहिल्यांदा मूग गिळून उभी राहिले आणि सांगते, ते गिळायला फार जड जातात.

"तो गोंधळलेला नसतो," वहिनी म्हणाली. "तो अजून बोलतच असतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, की…"

"की त्याचं झालं, बरोबर?" टायवाला म्हणाला.

वहिनीने पिशवीतून एक रिकामी बरणी काढली, तिच्यात एक पांढरा चिमटा टाकला आणि ती त्याच्यासमोर ठेवली. गर्दी खो खो हसली. टायवाला कानापर्यंत लाल झाला आणि मग गप्प बसला. त्यानंतर वहिनी जी बोलली! थांबत, अडखळत, भिंतीकडे बघत, पण सगळं. आम्ही घातलेले शेवट तिला हवे असलेल्या शेवटांशी क्वचितच जुळायचे, असं तिने सांगितलं. ती 'उद्या मी जरा' म्हणायची आणि आम्ही 'बाजारात जाणार' म्हणायचो. मग ती बाजारात जायची.

लोक पुन्हा हसले. मीही हसले, आणि मग मनात हिशेब करायला लागले. किती वेळा गेली असेल ही बाजारात?

पांढऱ्या केसांच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "असं एखादं वाक्य सांगाल, जे तुम्हाला अजून आठवतं? तुमच्या शेवटासकट?"

वहिनी भिंतीकडे बघत राहिली. हॉलमधला नाचही थांबला होता. शेवटी ती बोलली. "मी गाडी शिकायला जात होते. शिकवणाऱ्यांनी एका सिग्नलला मला लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, मला जरा… आणि ते म्हणाले, लाजतेस, कळलं मला. मग सिग्नल सुटला."

ही गोष्ट आम्हाला पाठ होती. दादा ती प्रत्येक लग्नात सांगतो, मी विचारलं आणि ही अशी लाजली म्हणून. मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीवरच्या रेघेकडे बघत होता.

"आणि तुम्हाला काय म्हणायचं होतं?" बाईंनी विचारलं.

"मला जरा विचार करायला वेळ हवा आहे."

"मग केलात विचार? काय ठरलं?"

"ते मला परत कोणी विचारलंच नाही," वहिनी म्हणाली.

बाईंनी तिथेच, उभ्या उभ्या, कागदावर सही केली आणि तो टायवाल्याकडे दिला. त्यानेही केली. वहिनी पास झाली होती. बक्षीस बुरशीला मिळालं, त्याबद्दल मी विद्यापीठाला अजून क्षमा केलेली नाही.

बाहेर आल्यावर आई सारखं नाक पुसत होती आणि थंडी आहे म्हणत होती. थंडी नव्हती. बरण्या माझ्या हातात होत्या. दादा गाडीजवळ पोहोचला, दार उघडलं, पुन्हा लावलं आणि वहिनीसमोर येऊन उभा राहिला. ज्या माणसाला गप्प बसवायला आम्हाला आजवर जमलं नाही, त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"अगं, तेव्हा मी… म्हणजे आता तुला मी परत…"

आणि अडकला. आईने तोंड उघडलं. मी माझं कोपर तिच्या बरगडीत घातलं. वहिनी थांबली. घाई नाही, त्रागा नाही, त्याच्याकडे बघत नुसती थांबली.

"माझ्याशी लग्न करशील का?" दादाने शेवटी पूर्ण केलं. घामाघूम झाला होता.

वहिनीने भिंतीकडे बघावं तसं पार्किंगच्या पलीकडे बघितलं. आमच्यापैकी कोणी हूं की चूं केलं नाही.

"मला जरा विचार करायला वेळ हवा आहे," ती म्हणाली.

दादा म्हणाला, "बरं." आणि तिच्यासाठी दार उघडलं.

याला आता बरेच दिवस झाले. वहिनीचा विचार चालू आहे. दादा रोज सकाळी तिच्यासमोर येऊन बसतो, तिच्याकडे बघतो आणि काही बोलत नाही.