पंचमीच्या झोक्यावर

निजामाच्या राज्यातली गोष्ट. लग्नानंतरची माझी पहिली नागपंचमी होती, पण सरहद्दीवर वाट अडल्यानं मला न्यायला भाऊ आला नाही. माझ्या सासरी, मुरूम गावात, घरोघर बांगड्या भरायला एक मुसलमान बाई यायची. हात नुसता दाबून ती माप सांगायची. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. त्या दिवशी माझे रडके डोळे बघून ती म्हणाली, "तुमच्या कहाणीतल्या सत्येश्वरीचा भाऊ मेला, मग तिला नागाच्या रूपात भेटला. त्या आनंदात ती झोक्यावर चढली, व्हय का न्हाय?"

"व्हय."

"मग चल. माझा भाऊबी हैदराबादेत अडकलाय. उंच जाऊन बघू, कुणाचा येतोय."

दारातल्या लिंबाच्या झोक्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं असा जोर लावला की मी दोन्ही दोर घट्ट आवळले.

"दिसला का?"

"न्हाय."

दर झोक्याला हेच विचारत आम्ही वेड्यासारख्या हसत होतो. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. आता बोलणी बसणार म्हणून मी झोका थांबवला.

त्यांनी पदर खोचला. "उतरा खाली दोघी. माझा भाऊबी सरहद्दीपल्याड बार्शीत हाय. मला बघू द्या."

आम्ही दोघींनी मिळून त्यांना झोका दिला.