मुक्कामाची गाडी आणि भरती

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बायको हृदयाच्या दुखण्याने गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिच्या डॉक्टरांनी मला नगरच्या त्यांच्या दवाखान्यात बोलावून घेतलं. मी तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो. हृदय थकलेल्या रुग्णांवर त्यांना एका नव्या गोळीची चाचणी करायची होती: निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली. किती रुग्ण लागतील, ते मी सांगायचं. घर खायला उठायचं. मी लगेच हो म्हटलं.

गोळीला गुण असेल तर तो चाचणीत दिसण्याची शक्यता, म्हणजे पॉवर. ती बरीचशी किती घटना घडतात यावर ठरते. नुसते मृत्यू मोजायचे तर रुग्ण फार लागणार होते. म्हणून डॉक्टरांनी मृत्यू आणि दवाखान्यातल्या भरत्या एकत्र धरल्या होत्या. दोन्हींतलं जे आधी घडेल, ती एक घटना. पद्धत रूढच होती. गणित सुटलंही, पण मला खुर्चीत बसवेना. मरण आणि भरती एका मापात टाकायला हात धजेना. हे दुःखामुळे होतंय, असं मी स्वतःला समजावत होतो.

संध्याकाळी डॉक्टर राऊंडला निघाले, मीही मागोमाग उठलो. खाटेवर सोनईकडची एक म्हातारी फडक्यातली भाकरी सोडत होती.

"काय मावशी, दम लागतोय?"

"न्हाई बा. मुक्कामाची गाडी गेली. तुमीच म्हनले, ऱ्हा आता."

"वाटेत काही झालं असतं तर?"

"काई न्हाई होत. पन सुनंला सांगा, लई आजारी हुते. तेवढाच मान!"

शेजारच्या खाटाही हसल्या. मला हसू आलं नाही. आमची शेवटची एसटी चुकली की बायकोलाही ते असंच ठेवून घ्यायचे. सकाळी ती वेणीफणी करून, पिशवी भरून तयार असायची.

व्हरांड्यात मी विचारलं, "डॉक्टर, चाचणीत अशी भरतीही मोजणार?"

"भरती ती भरती, सर."

"गाडी गोळीवाल्यांचीही चुकणार आणि दुसऱ्यांचीही. घटना वाढतील, पण दोन गटांतला फरक त्या गर्दीत बुजेल. गोळी चांगली असली तरी आपण म्हणू, गुण नाही."

"मग एसटीचं वेळापत्रक बदलून आणू?" डॉक्टर चिडले.

"दम वाढला, शिरेतून औषध द्यावं लागलं, तेवढीच भरती धरा."

"घटना निम्म्यावर येतील. माझे रुग्ण पुरणार नाहीत."

"नाही पुरणार."

ते कठड्याला टेकले. मग हळूच म्हणाले, "वहिनींच्या कुठल्या भरत्या धरल्या असत्या?"

"शेवटची. बाकीच्या गाडीच्या."

शेजारच्या तालुक्यातल्या दवाखान्याला सोबत घेतलं तरच रुग्ण पुरणार होते, आणि तिथल्या डॉक्टरांशी यांचं बोलणं बंद होतं.

ते आत गेले. डायल फिरल्याचा आवाज आला. मी बाकावर बसलो, उठलो, दाराशी गेलो. पलीकडे कुणी फोन उचलत नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा फिरवला.