जीप स्टँडवरची कढई

मी मारकुटा मास्तर होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते गाळून पुढचं सांगितलं तर सगळंच खोटं होईल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मोखाड्याच्या एका शाळेत अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवत होतो आणि माझ्या टेबलावर निरगुडीची ओली छडी असायची. माझ्या वडिलांनी मला बैलाच्या पराणीनं मारलं होतं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. आमच्या घरात नोकरीला लागलेला मी पहिलाच. भात-नागलीच्या शेतातून बाहेर पडलो तो त्या मारामुळेच, अशी माझी पक्की समजूत होती.

मुलं डोंगरातल्या पाड्यांवरून यायची. त्यांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. "मना नाय समजं" असं म्हटल्याबद्दल मी एका मुलाच्या तळहातावर इतक्या छड्या मारल्या की कातडी फाटली. त्यानं हात पँटला पुसला आणि पुढचं उदाहरण लिहायला घेतलं. वहीच्या कडेला रक्ताचा डाग पडला. मी त्या वहीवर सहीही केली होती.

त्याआधी काही वर्षं जव्हारजवळच्या वावरकडची मुलं उपासमारीनं गेली, त्यानंतर आमच्या भागात मदतीच्या खूप गाड्या आल्या. दुधाची पावडर आली, ब्लँकेटं आली आणि मग गाड्या येणं थांबलं. नाशिकच्या एक बाई मात्र येत राहिल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, साठी उलटलेल्या. एकदा त्या आमच्या स्टाफरूममध्ये येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुमच्या मुलांना दान करायला शिकवू नका. उसने द्यायला शिकवा. दर आठवड्याला दोन रुपये काढू देत. साठले की ते एका बाईला द्यायचे, बिनव्याजी, काहीतरी विकायला. तिनं फेडले की दुसरीला."

"मुलांकडेच काही नसतं, बाई," मी म्हणालो.

"म्हणून तर त्यांना कळेल कुणाला द्यायचे ते."

मला ते पटलं. वर्गात मी अर्धा तास भाषण केलं. पुढच्या शनिवारी चौघांनीच पैसे आणले. माझं डोकं फिरलं. उरलेल्यांना ओळीनं उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन छड्या मारल्या. शेवटच्या बाकावर एक उंच, अबोल मुलगी होती. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "सर, मारून घेतलं तं ते आमचं कसं?"

मी तिलाही मारलं. दोनऐवजी चार. तिनं हात मागे घेतला नाही.

पुढच्या शनिवारी ती दोन रुपये घेऊन आली आणि म्हणाली, "हे मी मनानं देते. त्या माराचे नाहीत." मधल्या सुट्टीत ती मुलांशी बोलत फिरायची. भाषण नव्हतंच ते. आपल्या पाड्यातली बाई अडली की कुणाकडे जाते, एवढंच ती विचारायची. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. बाई मुकादमाकडे जाते, तो चार पैसे हातावर ठेवतो आणि दिवाळीनंतर पोराबाळांसकट सगळ्यांना भिवंडीकडच्या वीटभट्टीवर नेतो. महिन्याभरात तिनं अकरा जण जमवले. मला छडीनं चार शनिवारांत जे जमलं नसतं ते तिनं चटणी-भाकरी खाता खाता केलं.

पहिले पैसे आम्ही सुकी मासळी विकणाऱ्या एका विधवेला दिले. तिनं सगळे फेडले. दुसरी बाई जीप स्टँडवर भजी तळीन म्हणत होती. तिला स्टोव्ह, कढई आणि पहिल्या आठवड्याचं तेल-बेसन एवढ्यापुरते पैसे हवे होते. दर बाजाराच्या दिवशी मुलं तिच्याकडून थोडे थोडे परत घेणार असं ठरलं. तिची भजी खपू लागली. जव्हारला जाणाऱ्या जीपचे ड्रायव्हर तर गाडी भरेपर्यंत तिथेच उभे असायचे.

तिचा नवरा वसईच्या खाडीत रेती काढायला जायचा. बादली घेऊन तळाशी बुडी मारायची आणि भरून वर यायचं, हे त्याचं काम. महिना-दोन महिन्यांनी तो घरी येई आणि आला की तिला मारी. हे आम्हाला माहीत होतं. तिच्या कपाळावर जुनी खूण होती. पैसे देताना त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही नाही. बायका मार खातातच, असंच तेव्हा मला वाटत होतं.

एका बाजाराच्या दिवशी मी तिच्यापासून वीसेक पावलांवर वांगी निवडत होतो. गटातली पाच-सहा मुलं आणि ती उंच मुलगी हप्त्यासाठी कढईजवळ उभी होती. नवरा जीपमधून उतरला तो प्यालेलाच.

"पैसा निकाल," तो म्हणाला.

"पैसे पोरांचे आहेत. हात नको लावू."

त्यानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं जीपच्या बॉनेटवर आपटलं. एकदा, दोनदा. मग स्टोव्हला लाथ घातली. कढई उलटली आणि उकळतं तेल तिच्या डाव्या हातावर कोपरापासून बोटांपर्यंत सांडलं. पिठात बुडवलेला कांदा तेलात सोडल्यावर येतो तसाच आवाज आला. मग ती ओरडली.

मुलं त्याच्यावर तुटून पडली. लाथा, बुक्के, दगड. एकानं जीपच्या जॅकचा दांडा उचलला होता. मी धावत गेलो आणि तो दांडा त्याच्या हातातून हिसकावला. सगळ्यांना वाटलं, सर भांडण सोडवायला आले. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण मी तो दांडा नवऱ्याच्या खांद्यावर घातला. त्यानं तोंड झाकायला उजवा हात वर केला. दुसरा फटका मनगटावर बसला आणि वाळका बांबू मोडावा तसं काहीतरी मोडलं. तो खाली पडला. तरी मी मारत राहिलो, पाठीवर, मांडीवर. किती वेळ ते सांगता येणार नाही. एवढं आठवतं की शेवटी शेवटी मला रागही नव्हता. हाताला सवय होती.

जमिनीवर बसलेली ती बाई म्हणाली, "सर, पुरे करा. घरी त्याच्यासंगं मनाच ऱ्हायचंय."

तेव्हा मी थांबलो. वळून पाहिलं तर त्या उंच मुलीनं चहाच्या टपरीवरचा पाण्याचा हंडा आणून बाईच्या हातावर ओतला होता आणि स्वतःची ओढणी भिजवून हाताभोवती धरली होती. आम्ही दहा-बारा पुरुष आणि पोरं तिथं होतो. त्या भाजलेल्या हाताकडे एकानंही पाहिलं नव्हतं. मुलीनं एक जीप थांबवली होती आणि मी वाटेत उभा होतो.

"सर, बाजूला व्हा," ती म्हणाली.

ती बाईला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात गेली आणि तिथेच तीन दिवस राहिली. नवऱ्याला त्याच्या भावानं पाठीवर टाकून नेलं. तक्रार कुणीच केली नाही. तो दारू पिऊन पडला, असं स्टँडवरच्या सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि मीही गप्प बसलो.

शाळेत मी एकदम मोठा झालो. मुलं व्हरांड्यात माझी नक्कल करायची, एक जण हात वर करायचा आणि दुसरा पट्टीनं मनगटावर मारायचा. मला ते दिसत होतं. खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटत होतं.

दोन-तीन शनिवार गेले. मग ती मुलगी बैठकीत उभी राहिली. आम्ही तिसरे पैसे झाडू बांधणाऱ्या एका म्हातारीला दिले होते आणि तिचा हप्ता थकला होता. "आपल्यातले दोघं तिच्या घरी गेले होते," ती म्हणाली. "यांनी तिच्या झाडूंना लाथा मारल्या. एकानं तिचा हात पिरगाळला. म्हणाला, मनगट मोडून घ्यायचंय का, सरांना बोलवू का?"

ते दोघे समोरच बसले होते. त्यांनी नाकारलं नाही. एक जण म्हणाला, "पैसे गटाचे आहेत, सर. वसूल नको करायला?" त्यानं ते अगदी सरळपणे विचारलं. मुकादमाची माणसं नेमकं असंच बोलायची.

मी म्हणालो, "आपण हे बंद करू. चूक माझी आहे."

"बंद का करायचं?" मुलगी म्हणाली. "मारणं बंद करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे म्हातारीकडे गेलो. ती आम्हाला पाहून घरात शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दोघा मुलांनी अंगणात बसून तुटलेले झाडू पुन्हा बांधले, वाकडेतिकडे. मी दाराशी उभा राहून माफी मागितली. सोमवारी मी वर्गात छडीशिवाय गेलो. पहिले काही महिने माझा हात टेबलावर आपोआप ती शोधायचा. मुलं गोंगाट करायची आणि मला वर्ग सांभाळता यायचा नाही. तेही मी शिकलो, उशिरा.

भजीवाली बाई आईच्या पाड्यावर राहायला गेली होती. डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिनं आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाली, "मी त्याच्याकडं नाय जायची. पण मना दुसरी कढई पायजे. जव्हारला शिरपामाळावर रविवारी माणसं फिरायला येतात, तिकडं बसते." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आणि माझ्यापायी कोणी कोणाला मारायचं नाय."

गटानं एकमतानं तिला दुसऱ्यांदा पैसे दिले.

पावसाळ्याच्या तोंडाशी एक दिवस तिचा नवरा माझ्या खोलीवर आला. प्यालेला नव्हता. त्याचं मनगट वाकडंच जुळलं होतं आणि बोटं मिटत नव्हती. तो उंबऱ्यात बसला.

"या हातानं बादली नाय धरवत, सर," तो म्हणाला. "खाडीवर कोणी घेत नाय."

मी त्याला आत या म्हणालो. तो आला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळपर्यंत मी एक तोडगा काढला. शनिवारी मी तो गटापुढे ठेवला. या माणसाला आपण शेळी घ्यायला पैसे देऊ, बिनव्याजी, सगळ्यांसारखेच. मला वाटलं, मुलांना हे मोठ्या मनाचं वाटेल.

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मग तीच मुलगी म्हणाली, "सर, हात तुम्ही मोडला. ते आमच्या पैशातून कसं?"

बाकीच्यांनी माना खाली घातल्या, पण कुणी तिला खोडून काढलं नाही.

मी माझ्या पगारातून त्याला नाशिकला नेलं. डॉक्टरांनी हाड पुन्हा मोडून बसवलं. शुद्धीवर येताना तो कळवळला आणि त्यानं डाव्या हातानं माझ्या तोंडात मारली. माझा ओठ फुटला. नर्स धावत आली, मी तिला राहू दे म्हणालो. हात थोडा सुधारला. जेवण्यापुरता, विडी धरण्यापुरता.

शिरपामाळावरची भजी चालली. बाईनं पैसे वेळेआधी फेडले आणि पुढे तिथेच एक पत्र्याची टपरी टाकली. उंच मुलगी बारावीनंतर डी.एड.ला गेली आणि शिक्षिका झाली. तिच्या शाळेत तिनं असाच गट काढल्याचं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. आमचा गट माझी बदली होईपर्यंत चालला, पुढचं मला माहीत नाही.

तो नवरा मला एकदा भेटला, बऱ्याच वर्षांनी, मोखाड्याहून जव्हारला जाणाऱ्या जीपमध्ये. दाटीवाटीत आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. तो एका काजूच्या बागेवर राखणदार होता.

"आता कोणत्या शाळेत?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"तिकडं पोरांना मारता?"

"नाही."

तो बाहेर बघत राहिला. जीप एक घाट उतरली. मग म्हणाला, "मंग माझ्या टायमाला कुठं गेलं होतं ते?"

त्याचा फाटा आला. तो उतरला आणि डाव्या हातानं खिसा चाचपू लागला. मी ड्रायव्हरला म्हणालो, यांचे पैसे मी देतो.

"त्यांचे नको घेऊ," तो ड्रायव्हरला म्हणाला, आणि नाणी सापडेपर्यंत जीप थांबवून ठेवली.